ॲश हॉलोची दफनभूमी नेमकी किती जुनी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या पश्चिम भागात, ल्यूएलन या छोट्या गावाजवळ, महामार्ग २६ च्या कडेला ॲश हॉलोची दफनभूमी आहे. तेथे १८४९ साली वारलेल्या अठरा वर्षांच्या रेचेल पॅटिसनची शिळा आहे आणि भोवतीच्या बहुतेक कबरी पुष्कळ नंतरच्या आहेत. येथून जाणाऱ्या ओरेगन ट्रेल या जुन्या वाटेने लाखो लोक पश्चिमेकडे गेले आणि हजारो वाटेतच मेले, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग त्यांच्या कबरी कोठे आहेत? ही दफनभूमी १८४९ ची मानावी की नंतरची? आणि अशा एखाद्या जागेचा इतिहास आपण स्वतः शोधायचा ठरवला, तर सुरुवात कोठून करावी?

जुन्या ग्रामीण दफनभूमींची नोंद करणे आणि तेथील शिळांची निगा राखणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत विचारला गेला आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. आधी निष्कर्ष सांगतो: रेचेलची कबर १८४९ ची आहे, दफनभूमी मात्र तेव्हाची नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात आले नाही, तर अशा जागांचा इतिहास हमखास चुकतो.

ओरेगन ट्रेल या नावाने ओळखली जाणारी ही वाट मिसुरी राज्यातील इंडिपेन्डन्स गावापासून ओरेगन सिटीपर्यंत सुमारे २,००० मैलांची होती. १८४० च्या दशकापासून पुढची पंचवीसेक वर्षे ओरेगन, कॅलिफोर्निया आणि सॉल्ट लेककडे जाणारे तीन-चार लाख लोक या वाटांनी गेले असावेत, असा अंदाज केला जातो. ॲश हॉलो येते सुरुवातीपासून सुमारे ५०० मैलांवर. बैल जुंपलेला तांडा दिवसाला पंधरा मैलांच्या आसपास चाले आणि मध्ये खाडे पडत. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी निघालेली माणसे येथे जूनमध्ये पोहोचत. येथवर आठवडेच्या आठवडे प्लॅट नदीचे गढूळ पाणी प्यायलेले असे. दक्षिण प्लॅट ओलांडून, दोन नद्यांमधले पठार चालून आल्यावर विंडलास हिल हा जीव मुठीत धरायला लावणारा उतार लागे. चाके बांधून आणि मागून दोर धरून गाड्या खाली सोडाव्या लागत. त्या उतारावर पडलेल्या चाकोऱ्यांच्या पुढे पावसाने घळी झाल्या आणि त्या आजही दिसतात. (विंडलास म्हणजे दोर गुंडाळण्याचा रहाट, प्रत्यक्षात तेथे कोणी रहाट लावल्याचा पुरावा नाही, नाव मागाहून चिकटले आहे.) उतार संपला की ॲश वृक्षांची सावली, जळाऊ लाकूड आणि गोड्या पाण्याचा झरा. साहजिकच तांडे येथे थांबत, बैलांना विसावा देत, कपडे धूत, गाड्या दुरुस्त करीत.

वाटेवरच्या कबरींविषयी सर्वांत उपयोगी सूत्र मला येथेच सापडले: माणसे जेथे आजारी पडतात तेथे कबरी होत नाहीत, जेथे तांडा थांबतो तेथे होतात. चांगले पाणी असलेल्या जागी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, बळी इतके का, असा प्रश्न पाहुण्यांना हटकून पडतो. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा काळ जातो. म्हणजे ॲश हॉलोला दगावलेल्या माणसाने तो जंतू पुष्कळदा आधीच्या एखाद्या मुक्कामावर, नदीकाठच्या उथळ खड्ड्यातून घेतलेला असे. पुढे निघालेल्या तांड्याची घाण मागून येणाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात, अशी ती साखळी होती. पाण्यातून रोग पसरतो ही गोष्ट लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो १८४९ मध्येच मांडू लागले होते, पण ती मान्य व्हायला अजून बरीच वर्षे होती. तांड्यातल्या औषधाच्या पेटीत असे ती अफू, कापूर आणि पाऱ्याचे कॅलोमेल.

आपल्याकडे गावोगाव वेशीवर मरीआईची ठाणी आहेत. ज्या आजाराच्या भीतीपोटी तिला नैवेद्य दाखवले जात, तोच हा आजार. १८१७ साली बंगालमधून पसरलेल्या पटकीच्या लाटा पुढे जगभर गेल्या. १८४८ च्या डिसेंबरात ती न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरली, मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींतून सेंट लुईसला पोहोचली आणि १८४९ च्या वसंतात, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या बातमीने वाट ओसंडून वाहत असताना, तांड्यांबरोबर प्लॅटच्या खोऱ्यात शिरली. १८४९, १८५० आणि १८५२ ही तीन वर्षे सर्वांत वाईट गेली.

रेचेल पॅटिसन नुकतेच लग्न होऊन पती नेथन आणि त्याच्या कुटुंबासह ओरेगनला निघाली होती. १९ जून १८४९ रोजी सकाळी ती आजारी पडली आणि रात्री गेली. तिच्या माणसांच्या रोजनिशीत याहून फारसे काही नाही. तिच्या कबरीवर नाव, वय आणि तारीख कोरलेला दगड बसवला गेला, आणि तिची आज कोणाला ओळख आहे ती केवळ त्या दगडामुळे. वाटेवर कोरलेला दगड ही चैन होती. बहुतेकांच्या वाट्याला गाडीची किंवा खोक्याची फळी आली, तिच्यावर चाकूने कोरलेले किंवा वंगणाच्या काळ्या डांबराने लिहिलेले नाव, आणि कधी तर नुसते बैलाचे किंवा गव्याचे वाळलेले हाड. पुढच्या हिवाळ्यात त्या फळीचे सरपण होई किंवा ती गवताच्या वणव्यात जाई. रेचेलची मूळ शिळा आता एका मोठ्या स्मारकात काचेआड बसवलेली आहे.

हजारो कबरी दिसत का नाहीत, याचे दुसरे कारण अधिक कठोर आहे. अनेक कबरी दिसू नयेत अशाच केल्या गेल्या. लांडगे आणि कोल्हे माती उकरतात म्हणून तांडेवाले ऐन वाटेच्या मधोमध खड्डा खणत, प्रेत घोंगडीत गुंडाळून पुरत, माती पसरून देत आणि सकाळी सगळ्या गाड्या त्यावरून हाकत. दहा-वीस गाड्या गेल्या की माती इतकी घट्ट बसे की वासही लागत नसे आणि खूणही उरत नसे. आई-बापांना आपल्या मुलावरून स्वतःची गाडी न्यावी लागे. वाटेवर एकूण किती माणसे मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण वीस हजार हा आकडा धरला तरी २,००० मैलांना सरासरी मैलामागे दहा कबरी होतात. नावानिशी आणि जागेनिशी माहीत असलेल्या कबरी मात्र शेकड्यांत मोजण्याइतक्याच आहेत. बाकीच्या त्या चाकोऱ्यांखाली आणि आजच्या मक्याच्या शेतांखाली आहेत.

म्हणूनच टिकलेली खूण सापडते तेव्हा तिच्या टिकण्याचे कारण शोधावे, असे मी नव्या मंडळींना सांगतो. नेब्रास्कातच, स्कॉट्सब्लफजवळ, रिबेका विंटर्सची कबर आहे. ती १५ ऑगस्ट १८५२ रोजी पटकीनेच वारली. बरोबरच्या विल्यम रेनॉल्ड्सने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली आणि तिच्यावर छिन्नीने नाव आणि ‘वय ५०’ असे कोरून ती कबरीवर रोवली. धाव म्हणजे काय हे बैलगाडी पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. पण शेकडो मैल अजून जायचे असताना धाव कबरीला देऊन टाकणे म्हणजे काय, हे समजायला गाडी हाकलेला माणूस हवा. लाकूड कुजले असते, वाळूचा दगड झिजला असता, लोखंड राहिले. १८९९ साली रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रुळांची रेषा थोडी सरकवली. पुढे भेट देणारे रुळांच्या फार जवळ जाऊ लागले, म्हणून १९९५ मध्ये कबरच जवळच्या सुरक्षित जागी हलवली गेली. पटकीखालोखाल माणसे मारली ती अपघातांनी. सध्याच्या वायोमिंगमध्ये जोएल हेम्ब्री हा सहा वर्षांचा मुलगा गाडीच्या दांडीवरून पडून चाकाखाली आला आणि जुलै १८४३ मध्ये वारला. त्याचा दगड सापडला तो जवळपास एकशेवीस वर्षांनी, धरणाच्या कामाच्या वेळी.

आता दफनभूमीकडे येऊ. रेचेल गेली तेव्हा ॲश हॉलोला गाव नव्हते. ‘पायोनिअर सेमेटरी’ या फलकावरच्या शब्दांमुळे आपण सगळ्यांनाच ‘पहिले वसाहतकार’ म्हणतो, पण वाटसरू आणि वसाहतकार हे वेगळे लोक होते. वाटसरूंना नेब्रास्का ओलांडायचे होते, तेथे राहायचे नव्हते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली, तरी या कोरड्या पश्चिम भागात तेवढ्या जमिनीवर पोट भरत नसे. लोकांचा ओघ खरा वाढला तो १९०४ च्या किंकेड कायद्यानंतर, कारण त्याने राज्याच्या वायव्येकडील जिल्ह्यांत ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. गार्डन काउंटी हा ॲश हॉलोचा जिल्हाच १९०९ मध्ये वेगळा झाला. या स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपली माणसे पुरायला जागा हवी होती, आणि एक कबर आधीच होती तेथे त्यांनी पुढच्या कबरी केल्या. माणसे असे का करतात याचे उत्तर कागदपत्रांत मिळत नाही, पण मी पाहिलेल्या कितीतरी दफनभूमींची सुरुवात अशीच, एखाद्या अनोळखी वाटसरूच्या कबरीपाशी झालेली आहे. आपल्याकडे शिरूरला, घोडनदीच्या काठी, १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून धान्य वाहत असत, त्याची मला अशा वेळी आठवण होते. परक्याची कबर आपली करून घेण्याच्या या दोन तऱ्हा आहेत.

म्हणून फलकावर ‘स्थापना १८४९’ असे कोठे लिहिलेले दिसले, तर ते पहिल्या कबरीचे वर्ष समजावे. स्थापना म्हणजे जमीन दफनासाठी राखून ठेवल्याचा दस्त, मंडळ नेमल्याची नोंद किंवा पहिल्या भूखंडाची विक्री. ती तारीख जिल्ह्याच्या दस्तनोंदणी कार्यालयातच सापडते.

एक गट या दफनभूमीत मुळीच दिसत नाही, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय जागेचा इतिहास सांगितला असे मी म्हणणार नाही. हे खोरे लकोटा या मूळनिवासी लोकांचे होते. १८५४ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट लॅरमी या लष्करी ठाण्याजवळ एका वाटसरूची गाय मारल्यावरून वाद झाला. लेफ्टनंट ग्रॅटनच्या तुकडीने गोळीबार केला, त्यात लकोटांचा प्रमुख काँकरिंग बेअर घायाळ होऊन पुढे मेला, आणि ग्रॅटनसह त्याची तुकडी मारली गेली. त्याचा सूड म्हणून ३ सप्टेंबर १८५५ रोजी जनरल विल्यम हार्नी याच्या सैन्याने ॲश हॉलोपासून जवळच, ब्लू वॉटर ओढ्याकाठच्या लिटल थंडरच्या वस्तीवर हल्ला केला. सैन्याच्याच हिशेबाने ८६ लकोटा मारले गेले आणि स्त्रिया-मुले मिळून सुमारे सत्तर जण कैद झाले. पुष्कळ जुन्या लिखाणात याला ‘ॲश हॉलोची लढाई’ म्हटले आहे. त्या ८६ जणांच्या नावाची शिळा या दफनभूमीत नाही. हार्नीचे नाव मात्र दक्षिण डकोटातल्या सर्वोच्च शिखराला दीडशेहून अधिक वर्षे होते. २०१६ मध्ये ते बदलून ब्लॅक एल्क पीक करण्यात आले. पायोनिअर दफनभूमी ही त्या भागात मेलेल्यांची यादी नसून तेथे राहिलेल्यांनी ज्यांची आठवण ठेवायची ठरवली त्यांची यादी आहे, ही गोष्ट मला या एका खोऱ्याइतकी स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसली नाही.

शोध कोठून सुरू करावा, या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते: शिळांपासून करू नये, रस्त्यापासून करावा. आजचा महामार्ग आणि जुनी वाट एकच असतात असे गृहीत धरून लोक फसतात. जमिनी वाटण्यापूर्वी केंद्र सरकारच्या मोजणीदारांनी सारा प्रदेश सहा मैलांच्या चौरसांत आणि त्यांच्या आत एकेक मैलाच्या ३६ चौकटींत मोजला. त्यांना ओढे आणि झरे यांच्याबरोबर त्या वेळच्या वाटाही टिपायच्या होत्या. ते नकाशे आणि जमिनीच्या पहिल्या मालकीच्या सनदा केंद्रीय भूमी व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्या नकाशावरची वाट आजच्या उपग्रह चित्रावर बसवा. दफनभूमी जुन्या वाटेला चिकटून असेल, तर तिच्यात नोंद नसलेल्या जुन्या कबरी असण्याचा संभव बराच; जुन्या वाटेपासून दूर आणि शाळा किंवा चर्चजवळ असेल, तर ती बहुधा पूर्णपणे वसाहतीच्या काळातली.

त्यानंतर कागद. नेब्रास्कात मृत्यूंची राज्यव्यापी नोंद १९०४ पासून सुरू झाली, म्हणून त्याआधीच्यांसाठी चर्चच्या वह्या, स्थानिक वृत्तपत्रे, जनगणना आणि दफनभूमी सांभाळणाऱ्याची वही यांवर विसंबावे लागते. ही वही पुष्कळदा कोणाच्या तरी घरी, बुटाच्या खोक्यात असते. मी ज्या सर्वोत्तम वह्या पाहिल्या त्यांपैकी एक शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, बियाण्याच्या पावत्यांबरोबर ठेवलेली होती आणि तिच्यात शिळा नसलेल्या सात मुलांच्या जागा पावलांच्या मापाने लिहिलेल्या होत्या: कुंपणाच्या खांबापासून इतकी पावले पूर्वेला, मग इतकी उत्तरेला. खांब बदललेला होता, पण जुन्या खांबाचा बुंधा जमिनीत अजून शाबूत होता.

शिळा वाचताना त्यांच्यावरची तारीख ही मृत्यूची असते, शिळेची नव्हे, हे कायम ध्यानात ठेवावे. स्थानिक मऊ दगड आणि पांढरा संगमरवर सहसा आधीचे, कणखर ग्रॅनाइट सर्वसाधारणपणे १८८० च्या दशकानंतरचे, यंत्रांनी ते कोरणे परवडू लागल्यावरचे. निळसर राखाडी, आतून पोकळ, ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारी शिळा जस्ताची असते आणि तो प्रकार १८७० च्या दशकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच चालला. तेव्हा १८५५ चा मृत्यू ग्रॅनाइटवर कोरलेला दिसला, तर तो दगड नातवंडांनी बसवला आहे आणि त्यावरची माहिती ऐकीव असू शकते, असे समजावे. ढालीच्या आकाराच्या कोंदणात नुसते नाव आणि पलटण कोरलेली शिळा दिसली, तर ती यादवी युद्धातल्या सैनिकाची. सरकार खासगी दफनभूमींतल्या अशा सैनिकांना १८७९ पासून शिळा देऊ लागले, आणि तिच्यावर पुष्कळदा तारीखच नसते.

जमिनीकडेही पाहावे. लांबट, पूर्व-पश्चिम पसरलेले खोलगट भाग पहाटेच्या दवात किंवा विरघळत्या बर्फात ठळक दिसतात. गवताळ माळावर आयरिस, लायलॅक किंवा एकटा सीडर दिसला, तर तो कोणीतरी मुद्दाम लावलेला असतो. भू-रडार उपयोगी आहे, पण चिकणमातीत ते फारसे चालत नाही, आणि चालले तरी ते हललेली माती दाखवते, हाडे दाखवत नाही. हौसेने खणणे तर संपूर्णपणे टाळावे. नेब्रास्कात नोंद नसलेल्या मानवी दफनांना १९८९ पासून कायद्याचे संरक्षण आहे. वाटेवरच्या एकाकी कबरीची माहिती मिळाल्यास ती १९८२ पासून काम करणाऱ्या ओरेगन-कॅलिफोर्निया ट्रेल्स असोसिएशनला कळवावी.

आता हाताच्या कामाविषयी, कारण नुकसान येथेच होते. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी खडू घासणे, दाढीचा साबण लावणे, तारेचा ब्रश किंवा ब्लीच वापरणे, हे सगळे दगडाला खाते. संगमरवराची वरची कातडी गेली की तिच्याबरोबर नावही जाते. साधे पाणी, मऊ केसांचा ब्रश आणि खालून वर हलका हात एवढ्यावर भागत नसेल, तर शिळा तशीच सोडून द्यावी. वाचायला मी एक दारावरचा लांब आरसा नेतो. सोबतचा माणूस दहा-पंधरा फुटांवर उभा राहून ऊन शिळेच्या पृष्ठभागावर अगदी तिरपे पाडतो आणि मी समोर बसतो. एका दुपारी ज्या पाट्याला आम्ही कोरा धरून वहीत ‘अक्षरे नाहीत’ असे लिहिले होते, त्याच्यावर आरसा जरा कलताच आधी एका कोकराची पाठ उमटली. कोकरू म्हणजे लहान मूल, हे या शिळांचे ठरलेले चिन्ह. मग त्याखाली वय आले, वर्षे, महिने आणि दिवस असे मोजलेले, आणि सर्वांत शेवटी नाव. ऊन ढगाआड गेले तशी शिळा पुन्हा कोरी झाली.

आपण ॲश हॉलोला जाणार असाल, तर रेचेलच्या काचेपुढे थोडा वेळ थांबून मागच्या ओळींकडे जा. जाताना शिळांच्या पायथ्याशी वाढलेले गवत हाताने बाजूला करून पाहा. कारागिराचे नाव आणि गाव पुष्कळदा जमिनीलगत, बोटभर उंचीच्या अक्षरांत कोरलेले असते. त्यावरून दगड कोणत्या वर्षांत आणि कोणत्या गावाहून आला असेल याचा माग लावता येतो. ते नाव मिळाले तर शिळेच्या नोंदीसोबत लिहून ठेवा आणि गवत पुन्हा होते तसे सोडा, म्हणजे कापणीच्या यंत्राचे पाते त्या अक्षरांना लागणार नाही.